पुवाची डॉक्टर

सुनंदामावशी जखमेवरची पट्टी सोडवली की ती आधी हुंगायच्या. जखमेकडे बघणं नंतर. तोंडावर मास्क असायचा, तरी पट्टी नाकापासून वीतभर अंतरावर धरायची, डोळे मिटायचे आणि फ्रिजमधलं वरण आंबलंय की नाही हे सांगावं तितक्या सहजपणे निदान सांगून टाकायचं, अशी त्यांची पद्धत. प्रयोगशाळेचा रिपोर्ट दोन-तीन दिवसांनी यायचा. तो बहुतेक वेळा त्यांच्या नाकाशी सहमत असायचा.

डेट्रॉइटच्या उपनगरातल्या त्या हॉस्पिटलात मी नुकतीच लागले होते. पुण्यात मायक्रोबायॉलॉजी शिकून इथे मास्टर्सला आले आणि पुढे संसर्ग-नियंत्रण विभागात नोकरी मिळाली. बरं व्हायला आलेल्या माणसाला हॉस्पिटलातच नवा जंतू चिकटू नये, हे बघणं माझं काम. पहिल्याच आठवड्यात एका खोलीत मी हात धुण्याच्या बेसिनची तपासणी करत होते आणि पलीकडे पांढऱ्या केसांची एक ठेंगणी बाई पट्टी हुंगत होती. "ग्रेप्स," ती नर्सला म्हणाली. द्राक्षं. एका विशिष्ट जंतूला द्राक्षांसारखा वास येतो हे मी पुस्तकात वाचलं होतं. कोणी तो प्रत्यक्ष ओळखताना पाहिलं नव्हतं. मी बघतच राहिले. तिने माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं आणि सरळ मराठीत विचारलं, "साळवी? म्हणजे कोकणातली का गं तू?"

"हो, चिपळूणची."

"मग नाक चांगलं असणार. मासळी घेताना हुंगून घेतेस ना? तसंच आहे हे. पाहून काय राहिलीस, ये इकडे."

डॉ. सुनंदा वैरागडे मूळच्या नागपूरच्या. चाळीसएक वर्षं देशाबाहेर काढूनही त्यांच्या बोलण्यातलं 'करून राहिले', 'येऊन राहिले' गेलं नव्हतं. त्या हाडांच्या सर्जन होत्या, पण इतर सर्जन ज्या केसेसपासून लांब पळतात त्याच त्या आवर्जून घ्यायच्या. कृत्रिम गुडघा किंवा कृत्रिम खुबा बसवला आणि त्याच्याभोवती पू झाला, तर तो सांधा काढणं, हाड खरवडणं, महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देणं आणि मग पुन्हा नवा सांधा बसवायचा प्रयत्न करणं, हे वेळखाऊ आणि बेभरवशाचं काम. अशा केसेस घेतल्या की सर्जनचे यशाचे आकडे बिघडतात. त्यामुळे आसपासच्या हॉस्पिटलांतून असे पेशंट मावशींकडे यायचे. मराठी मंडळातले लोक त्यांना थट्टेनं 'पुवाची डॉक्टर' म्हणत. मावशींना ते नाव आवडायचं. "खरंच आहे ना," त्या म्हणायच्या, "बाकीचे सगळे हाडांचे. पुवाची मी एकटीच."

हाडांकडे त्या वळल्या तेव्हा नागपुरात त्यांच्या सरांनी सांगितलं होतं, हाडं ओढायला ताकद लागते, तुम्ही बाळंतपणं करा. मावशींनी फ्रेंचचे वर्ग लावले, शिष्यवृत्ती मिळवली आणि त्या उत्तर फ्रान्समधल्या बेर्क नावाच्या समुद्रकाठच्या गावी गेल्या. एके काळी हाडांचा क्षय झालेली मुलं तिथे वर्षानुवर्षं प्लास्टरमध्ये आडवी असत. चाकांच्या खाटांवर त्यांना वाळूत नेऊन उन्हात ठेवत. मावशी गेल्या तेव्हा तो काळ सरला होता, पण सडलेल्या हाडांशी धीरानं वागायची तिथली शिस्त शिल्लक होती. तिथेच त्यांना जुन्या फ्रेंच वैद्यकाचा नाद लागला. डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमधल्या त्यांच्या घरात एक भिंतभर फ्रेंच पुस्तकं होती आणि ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांच्या तोंडून कधीही चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची गोष्ट बाहेर पडायची.

त्यातली एक सगळ्यांना पाठ होती. लढाईत गोळी लागली की जखमेत उकळतं तेल ओतायचं, अशी तेव्हाची रीत. एका तरुण फ्रेंच जखमवैद्याकडचं तेल एका संध्याकाळी संपलं. नाइलाजानं त्याने अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन कालवून उरलेल्या शिपायांच्या जखमांवर लावलं. हे आता मरणार, या धास्तीने त्याला झोप लागली नाही. सकाळी बघतो तो तेल ओतलेले तापाने तळमळत होते आणि बाकीचे शांत झोपले होते. एखादा शिकाऊ डॉक्टर उगाच जास्त कापायला, जास्त औषधं द्यायला निघाला की मावशी म्हणायच्या, "अरे, तेल संपू दे जरा." त्या हे मराठीतच म्हणायच्या आणि टेक्सासहून किंवा ओहायोहून आलेल्या त्या पोरांना त्याचा अर्थ बरोबर कळायचा.

हॉस्पिटलात त्या माझ्या डॉक्टर वैरागडे आणि घरी मावशी. रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जायचे. प्रभाकरकाका तेव्हा खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेले असत. ते मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर त्यांची स्मृती जायला लागली आणि मधुमेहामुळे डाव्या घोट्यावर झालेली जखम काही केल्या भरेना. रोज सकाळी कामावर जाण्याआधी आणि रोज संध्याकाळी आल्यावर मावशी ती जखम धुवायच्या. मदतीला बाई ठेवून पाहिली, पण काका तिला जवळ येऊ द्यायचे नाहीत. मावशींनी पाय हातात घेतला की मात्र ते डोळे मिटून स्वस्थ बसत. "दिवसभर लोकांची हाडं खरवडायची आणि घरी येऊन नवऱ्याचा पाय," मावशी हसत म्हणायच्या. "माझ्या आयुष्यात पू काही सुटत नाही बाप्पा."

त्यांच्या आवडीची दुसरी गोष्ट पॅरिसमधली. बाळंतिणी तापाने पटापट मरायच्या तेव्हाची. एका मोठ्या सभेत एक नामांकित डॉक्टर या तापाची कारणं सांगत होता. हवा, दूध, अमुक, तमुक. तेवढ्यात एक माणूस मध्येच उठला. तो साधा डॉक्टरही नव्हता, रसायनशास्त्रज्ञ होता. यातलं काही खरं नाही, तो म्हणाला. आजारी बाईपासून धडधाकट बाईपर्यंत हा जंतू तुम्ही डॉक्टर मंडळीच नेता. असा जंतू तुम्हाला कधी सापडणार नाही, असं त्याला कोणीतरी सुनावलं. तो लंगडत फळ्याजवळ गेला आणि त्याने खडूने मण्यांची माळ काढली. हा पाहा, असा दिसतो. एवढं सांगून मावशी हातातला डाव हवेत फिरवून ती माळ काढून दाखवायच्या. त्यांचे डोळे चमकायचे.

त्या माळेचं आजचं नाव स्ट्रेप. लहान मुलांचा घसा धरतो तोच. पण ऑपरेशनच्या जखमेत शिरला तर काही तासांत स्नायू खात सुटतो.

त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत तो आमच्याकडे आला. आधी एका माणसाच्या नुकत्याच बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यात. त्याचा सांधा तातडीने उघडून धुतला आणि तो वाचला. दोन आठवड्यांनी डोलोरेस नावाच्या बाईच्या खुब्यात. डोलोरेस पासष्टीच्या आसपासची, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली. तिचा जुना झिजलेला खुबा बदलायचा होता, आत पू वगैरे काही नव्हता. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तिला ताप चढला आणि मांडी लाल व्हायला लागली. नवा बसवलेला सांधा काढावा लागला आणि त्याच्याभोवतीचा बराचसा स्नायूही. पाय वाचला, पण त्या जागी पुन्हा कधी सांधा बसणार नव्हता. दोन्ही ऑपरेशनं मावशींची होती.

ऑर्थोपेडिक्सच्या प्रमुखांनी बैठक बोलावली. डॉ. वैरागडे बाहेरून घाण केसेस आणतात, त्याच खोल्यांतून हे पसरतंय, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझ्या एकाही पुवाच्या केसमध्ये या वर्षी स्ट्रेप नाही. हा भिंतीत राहत नाही, उपकरणात राहत नाही. हा माणसांत राहतो. त्या दोन्ही ऑपरेशनांना जे जे हजर होते, त्या सगळ्यांना तपासा."

त्यांचं बरोबर होतं. नियमही तोच आहे. स्ट्रेपच्या दोन केसेस लागोपाठ झाल्या की थिएटरमधल्या प्रत्येकाचा घसा, नाक, कातडीवर कुठे काही असेल तर ते, सगळं तपासायचं. हे लोकांना आवडत नाही. आपल्यावर संशय घेतल्यासारखं वाटतं. कोणी पुढे येईना, तेव्हा मावशी स्वतः येऊन माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. "माझा घे आधी. सगळ्यांना दिसेल असा घे. मी आ केल्याशिवाय हे लोक काही तोंड उघडायचे नाहीत." मी त्यांच्या घशात कापसाची काडी फिरवली. उजव्या कानामागे, टोपीच्या कडेखाली, कोंड्यासारखी खपली धरलेली एक छोटीशी जागा होती. "हे कधीपासून?" मी विचारलं. "असेल दोन-तीन महिने. या वयात कातडी कोरडी पडते गं." मी तिथलाही नमुना घेतला.

नर्स, भूल देणारे डॉक्टर, तंत्रज्ञ, सगळे निर्दोष निघाले. जंतू वाढवायच्या प्लेटवर स्ट्रेप उगवलं ते एकाच माणसाच्या नमुन्यांतलं. घशातलं आणि कानामागचंही. पुढच्या चाचणीत ते डोलोरेसच्या मांडीतल्या जंतूशी तंतोतंत जुळलं.

रिपोर्ट हातात घेऊन मी त्यांच्या खोलीकडे गेले. वाटेत कसं सांगायचं याची वाक्यं मनात जुळवत होते. दार उघडलं तेव्हा त्या डबा खात होत्या. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी चमचा खाली ठेवला.

"कोण आहे?"

मी रिपोर्ट पुढे केला.

"मी आहे ना?" त्या म्हणाल्या.

मी मान डोलावली. त्यांनी दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. त्यांना दिवसातून पन्नास वेळा हात धुताना मी पाहिलं होतं, नखांच्या कडा चिरेपर्यंत. "घसा दुखला नाही," त्या म्हणाल्या. "ताप नाही. याला तर वासही येत नाही." मग डब्याला झाकण लावलं, ऑपरेशन थिएटरला फोन केला आणि दुपारचं ऑपरेशन कॅन्सल केलं. फोनवरचा त्यांचा आवाज नेहमीचा होता.

त्यांना गोळ्या सुरू झाल्या आणि तपासणी साफ येईपर्यंत घरी बसायला सांगितलं गेलं. हॉस्पिटलच्या कायदेविभागाने एक सूचना केली: पेशंटशी थेट काही बोलू नका, जे सांगायचं ते आम्ही योग्य वेळी, योग्य शब्दांत सांगू. योग्य वेळ काही येईना.

मी रविवारी गेले तेव्हा जेवणाच्या टेबलावर फ्रेंच पुस्तकांचा ढीग होता. काका खिडकीशी. मावशी पानं उलटत होत्या.

"काय शोधताय?"

"तो माणूस," त्या म्हणाल्या. "सभेत बोलून राहिला होता ना, बाळंतिणींच्या तापावर? ज्याला मध्येच थांबवलं. तो."

"त्याचं काय?"

"इतकी वर्षं ही गोष्ट सांगते मी. प्रत्येक वेळी मी फळ्यापाशी उभी असते गं मधुरा, खडू घेऊन. त्या माणसाकडे कधी बघितलंच नाही मी. त्याच्याही वॉर्डात बायका मेल्या असतील. दुसऱ्या दिवशी सकाळी तो काय करत होता? वॉर्डात गेला का? हात धुतले का? त्या बायकांच्या नवऱ्यांना जाऊन काही सांगितलं का?" त्यांनी पुस्तक मिटलं. "एकातही लिहिलेलं नाही. फळ्यापर्यंत सगळं लिहिलंय. पुढचं कोणाला महत्त्वाचं वाटलं नाही."

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "डोलोरेसकडे जाऊन राहिले. तू येऊ नकोस, तुझी नोकरी आहे." मी गेले. डोलोरेस तेव्हा एका पुनर्वसन केंद्रात होती. मावशी मास्क लावून तिच्या पलंगापासून लांब खुर्ची ओढून बसल्या. मी दाराशी उभी राहिले.

डोलोरेस बोलकी बाई. मावशींना बघून तिला आनंद झाला. "डॉक्टर, मी विचार करकरून थकले," ती म्हणाली. "माझ्याकडून काय चुकलं? तुम्ही दिलेल्या साबणाने मी अंघोळ केली होती. चादर बदलली होती. मग माझी बहीण म्हणाली, कुत्रा. बडी माझ्या पलंगावर झोपायचा ना. आदल्या रात्रीही झोपला होता."

"डोलोरेस, कुत्र्यामुळे झालेलं नाही," मावशी म्हणाल्या. "तुमच्याकडून काहीच चुकलं नाही. तो जंतू माझ्याकडून तुमच्या शरीरात गेला. माझ्या घशात होता, माझ्या कातडीवर होता. मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे, म्हणून तुम्हाला सांगायला आले. मला फार वाईट वाटतं."

खोलीत टीव्ही चालू होता. डोलोरेसने रिमोट शोधला आणि तो बंद केला.

"तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही."

"मी बडीला देऊन टाकलं," डोलोरेस म्हणाली. "भाच्याकडे, इंडियानाला. मुलांना त्याचा लळा लागलाय आता. परत कसा मागू?" तिने आपल्या आखूड झालेल्या पायाकडे पाहिलं. मावशी काहीतरी बोलायला गेल्या, पण तिने हात वर केला. "नको. तुम्ही आता जा, डॉक्टर."

गाडीत बसल्यावर मावशींनी स्टिअरिंगवर हात ठेवले. मला वाटलं रडतील. त्या म्हणाल्या, "ती रागावली नाही. रागावायला हवं होतं तिने." मग गाडी सुरू केली.

कायदेविभाग चिडला, मावशींना समज देणारं पत्र आलं. पण पुवाचे पेशंट कोणी घेईना, त्यामुळे गोळ्यांनंतर तपासणी साफ येताच हॉस्पिटलने त्यांना परत बोलावलं. अट एकच, ठरावीक काळाने स्वॅब द्यायचा. त्या कामावर आल्या. तेल संपू दे, हे मात्र त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकू आलं नाही.

पुढच्या तपासणीत स्ट्रेप परत उगवला. तोच.

सुदैवाने मधल्या काळात कोणाला लागण झाली नव्हती. पण गोळ्यांनी गेलेला जंतू परत आला, म्हणजे तो जवळच्याच कोणाकडून तरी येत होता. मावशींनी मला घरी बोलावलं. "यांचा पाय तपास," म्हणाल्या. काका माझ्याकडे संशयाने बघत होते, तेव्हा मावशींनीच त्यांचा पाय मांडीवर घेतला. "काही नाही हो, आपली मधुरा आहे." मी घोट्याच्या जखमेवर काडी फिरवली. रिपोर्ट काय येणार ते आम्हा दोघींनाही तेव्हाच कळलं होतं.

काकांनाही औषधं दिली. जंतू जायचा आणि परत यायचा. रक्तच नीट पोचत नव्हतं त्या पायात, औषध कसं पोचणार. पश्चिम किनाऱ्यावर बेलव्ह्यूला सॉफ्टवेअरमध्ये असलेली त्यांची मुलगी नेहा विमानाने आली. स्वयंपाकघरात तिचा आवाज चढला होता. "आई, यू कान्ट डू बोथ. एक तर बाबांचं ड्रेसिंग, नाही तर सर्जरी. बाबांना मेमरी केअरमध्ये ठेवू. तिथे नर्सेस आहेत. तुझे पेशंट्स आहेत, त्यांचा विचार कर." तिचं चुकत नव्हतं. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी जवळच एक चांगली जागा होती, स्वच्छ, बागेची. मावशींनी खूप विचार केला. त्यांच्या यादीत सांधा काढलेले, नव्या सांध्याची वाट बघत महिनोन्‌महिने पडून असलेले पेशंट होते. त्यांना दुसरं कोणी हात लावणार नव्हतं. काकांना त्यांनी तिथे नेऊन ठेवलं.

मावशींच्या तपासण्या साफ यायला लागल्या. त्यांनी त्या हिवाळ्यात वाट बघणाऱ्या सगळ्यांची ऑपरेशनं केली, एकालाही लागण झाली नाही. संध्याकाळी त्या काकांकडे जायच्या. आत जाताना गाऊन, हातमोजे, मास्क, हे सगळं घालायचं, असं आमच्या विभागानेच सांगितलं होतं. काका तिथे जेवत नव्हते. परिचारिकांचे हात झटकायचे, एकदा तर कोणाला तरी मारलं. मग त्यांना गुंगीचं औषध सुरू झालं.

बर्फ वितळायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. मी मावशींबरोबर गेले होते. त्या पिवळा गाऊन, निळे हातमोजे घालून काकांच्या शेजारी बसल्या आणि त्यांना दहीभात भरवायला लागल्या. काकांनी तोंड फिरवलं.

"घ्या ना थोडं."

"बाई, तुम्ही राहू द्या," काका अगदी नम्रपणे म्हणाले. "माझी मिसेस येऊन राहिली आहे. ती देईल मला."

"मीच आहे हो. सुनंदा."

काकांनी त्या मास्ककडे, हातमोज्यांकडे पाहिलं. "नाही," ते म्हणाले. "ती येईल. तिला हॉस्पिटलात उशीर होतो." आणि ते दाराकडे बघत बसले.

मावशींनी वाटी खाली ठेवली. एक हातमोजा काढला, मग दुसरा, मग मास्क. उघड्या हातांनी त्यांनी काकांचा चेहरा आपल्याकडे वळवला. मी काही बोलले नाही. मी बोलायला हवं होतं, ते माझं कामच होतं. काका त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच हसले. "किती उशीर केलास," म्हणाले.

त्या आठवड्यात काका घरी आले आणि मावशींनी राजीनामा दिला. निरोपसमारंभ त्यांनी होऊ दिला नाही. प्रमुखांना एवढंच म्हणाल्या की माझ्या यादीत आता कोणी अर्धवट राहिलेलं नाही. मला मात्र जिन्यात गाठून सांगितलं, "सगळ्यांचे स्वॅब घेत जा गं. मोठी डॉक्टर आहे म्हणून कोणाला सोडू नको."

त्यानंतर दीड-दोन वर्षं मी रविवारी जात राहिले. मावशी काकांचा पाय धुवायच्या, भरवायच्या, फ्रेंच पुस्तकं त्यांना मोठ्याने वाचून दाखवायच्या. काकांना फ्रेंचही कळत नव्हतं आणि शेवटी शेवटी मराठीही. एकदा मी विचारलं, "डोलोरेसचं काही कळलं?" त्यांनी मान हलवली. "दोनदा लिहिलं मी. उत्तर नाही आलं. कशाला द्यावं तिने?" त्यांच्या घशात जंतू होता की नव्हता हे आता कोणी तपासत नव्हतं. ऑपरेशन करायचं नव्हतं, तर त्याचा कोणाला उपद्रव नव्हता.

काका गेल्या वर्षी गेले, झोपेतच. नेहा महिनाभर राहिली आणि परत गेली. उन्हाळ्यात हॉस्पिटलमधून मावशींना फोन गेला. तरुण सर्जन पुवाच्या केसेस घेतात, पण त्यांना शिकवणारं कोणी नाही. शेजारी उभं राहून सांगायला तरी याल का? थिएटरमध्ये पाऊल ठेवायचं तर स्वॅब द्यावा लागणार होता. मावशी येऊन माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. वजन उतरलं होतं. "घे," म्हणाल्या आणि आ केला. मी घसा तपासला, कानामागची जागा तपासली. तिथे आता खपली नव्हती, नितळ कातडी होती.

दोन दिवसांनी प्लेट बघितली. मावशींना आनंद होईल म्हणून मी लगेच फोन लावला.

"मावशी, निगेटिव्ह आहे. घशातही नाही, कातडीवरही नाही. तुम्ही एकदम क्लीन आहात."





"काहीच नाही उगवलं?"

"काहीच नाही."

"नीट पाहिलंस का?" त्यांचा आवाज मी ओळखत होते तो नव्हता. "कडेला? कधी कधी अगदी थोडा असतो गं, एखादाच ठिपका. यांच्याच पायातला होता तो. इतकी वर्षं होता. असा कसा जाईल एकदम? परत एकदा बघ ना."

मी फोन टेबलावर ठेवला, दोन्ही प्लेट्स पुन्हा बाहेर काढल्या आणि दिव्याखाली धरून कडेपर्यंत शोधल्या. सगळीकडे नुसता लाल, स्वच्छ पृष्ठभाग होता. मी त्यांना तसं सांगितलं. त्या "बरं" म्हणाल्या, पण फोन त्यांनी ठेवला नाही आणि मीही ठेवला नाही.